चार गाड्यांचे डॅशबोर्ड

महाडला गोवा हायवेच्या कडेला सीट कव्हरचं एक दुकान होतं. पुढं काचेच्या कपाटात हॉर्न आणि आरसे मांडलेले, मध्ये एक हिरवा पडदा आणि पडद्यामागं मी. लग्नानंतर तिसऱ्या वर्षी मी तिथं शिवणकामाला लागले. माझं माहेर दासगाव, सासर कापडे. नवरा पोलादपूर-महाड जीप चालवायचा. त्याच्याच सकाळच्या फेरीला मी यायची आणि चारच्या फेरीला परत जायची. दहावीनंतर शिवणक्लास केला होता, त्यामुळं रेक्झिनची जाड कव्हरं शिवायला हात बसायला फार दिवस लागले नाहीत.

दुकानाच्या मालकाला सगळे शेट म्हणत, मीही म्हणायची. माणूस ओरडणारा नव्हता. गिऱ्हाइकाशी तर इतका गोड बोलायचा की माणूस आरसा घ्यायला यायचा आणि सगळी सीट बदलून जायचा. माझा चहाचा ग्लास तेवढा वेगळा होता, पडद्यामागच्या खिडकीत उपडा घातलेला. ज्या गावच्या तळ्यावर दर मार्चला लांबलांबून लोक येतात, त्या गावात हे चालायचं, आणि आम्ही बौद्धवाडीतली माणसं बघून न बघितल्यासारखं करायचो.

नव्वद साल उलटून बराच काळ झाला होता. त्या सुमाराला गाड्यांच्या डॅशबोर्डला लाकडाचा रंग देण्याची हौस निघाली. खरं लाकूड नाही. व्हिनाईलचा पातळ कागद यायचा, त्यावर सागवानाच्या रेषा छापलेल्या, मागं चिकट. डॅशबोर्डच्या पट्ट्या, गिअरभोवतीची चौकट, दरवाजाची हातपट्टी, सगळ्यांवर तो चढवायचा. शेटनं मुंबईहून त्याचे रोल आणले. सपाट जागेवर कागद बसायचा, पण वळण आलं की शेटच्या हातून फुगे राहायचे, चुण्या पडायच्या. एकदा तो चिडून रोल टाकून बाहेर गेला, तेव्हा मी ती पट्टी हातात घेतली. मला ब्लाउजची बाही बसवायची सवय होती. गोलावर कापड कुठं सैल सोडायचं आणि कुठं धरायचं, ते बोटांना ठाऊक होतं. हेअर ड्रायरनं कागद कोमट केला, मधून कडेकडे हात फिरवत नेला, जादा कागद मागं दुमडला. पट्टी अशी बसली की नख लावून बघितलं तरी कड सापडेना.

शेट परत आला, त्यानं पट्टी उलटसुलट करून पाहिली. म्हणाला, "बरं जमलंय." आणि ती पट्टी घेऊन पुढं गेला. पडद्याआडून मी ऐकलं, तो गिऱ्हाइकाला सांगत होता, "स्वतः बसवलीय साहेब. हे काम मी दुसऱ्या कुणाच्या हातात देत नाही."

दोन वर्षं असंच चाललं. काम मी करायची, नाव शेटचं व्हायचं. वाईट वाटायचं, पण घरी सांगण्याइतकं नाही. पगार वेळेवर मिळत होता आणि हातातलं कसब वाढत होतं. तेवढ्यावरच गेलं असतं तर मी आज हे लिहायला बसले नसते.

एका ठेकेदाराची नवी कोरी गाडी आली. त्याला ती दुपारी लग्नाला न्यायची होती. मी शेटला म्हटलं, "पट्ट्या काढून द्या, मी मागं बसून करते. गाडीत ब्लेड चालवू नका." पट्ट्या काढायला तासभर लागला असता. शेटला घाई होती. त्यानं गाडीतच कागद चढवला आणि जादाची कड कापायला तिथंच ब्लेड ओढलं. मी दरवाजाशी उभी होते. ब्लेड कागदातून खाली गेलेलं मला आवाजावरनं कळलं. डॅशबोर्डचं मऊ काळं आवरण वीतभर चिरलं होतं आणि आतला पिवळा स्पंज दिसत होता.

ठेकेदार आला, त्यानं पाहिलं आणि त्याचा आवाज रस्त्यावर ऐकू जायला लागला. चहाच्या टपरीवरची माणसं येऊन उभी राहिली, दोन रिक्षावाले आले. मी पडद्यामागं गेले होते. शेटनं मला बाहेर बोलावलं.

"ही," तो माझ्याकडं बोट करून म्हणाला. "हिनं केलं. मी जरा चहाला गेलो तर हिनं गाडीत हात घातला. शिवायला ठेवलीय तर शिवावं ना! माग साहेबांची माफी."

मला वाटलं, तो आत्ता माझ्याकडं बघेल, डोळ्यांनी काहीतरी सांगेल. त्यानं बघितलं नाही. ठेकेदार म्हणाला, "अशा बायकांना गाडीला हात लावू देता कशाला तुम्ही?" अशा म्हणजे कशा, ते तिथं सगळ्यांना कळलं. मलाही कळलं. मी हात जोडले. "चुकले साहेब," म्हणाले. माझ्याच तोंडून ते शब्द गेले, कुणी माझा गळा धरला नव्हता.

गर्दी पांगल्यावर शेट पडद्यामागं आला. आवाज नेहमीसारखा मऊ. "मनाला लावून घेऊ नकोस गं. गिऱ्हाईक सांभाळावं लागतं. माझं नाव गेलं तर दुकान बसेल. तुझं काय जातंय?"

दुसऱ्या दिवसापासून मी गेले नाही. पण बातमी माझ्याआधी कापड्याला पोचली होती. जीपवाल्यांच्या तोंडून वाडीभर झालं की हिनं कुणाची तरी नवी गाडी चिरली. नवरा मला म्हणाला, "सोड गो. त्याचं दुकान, तो कायपन बोलंल. आपुन गरीब मानसं."

"मी नाय सोडणार," मी म्हटलं.

"मंग काय करशील?"

ते मला तेव्हा माहीत नव्हतं. पण भांडी घासताना, चिखलणीच्या दिवसांत शेतात वाकलेली असताना, माझ्या डोक्यात तेच चालायचं. मी शेटला रस्त्यावर उभा केलेला बघायची. कधी ठेकेदार त्याला शिव्या घालतोय, कधी त्याच्या दुकानाला आग लागलीय आणि मी पाण्याची कळशी घेऊन उभी आहे, पण ओतत नाही. माणूस प्रार्थना करतो तशी मी रोज हे करायची. मला त्यानं बळ यायचं, हे खोटं कशाला सांगू?

शेवटच्या दिवशी दुकानातून येताना रोलचे उरलेले तुकडे मी पिशवीत घातले होते. ते घरातल्या वस्तूंवर चढवून बघायला लागले. प्लास्टिकची बादली, भिंतीवरचं घड्याळ, रेडिओची पेटी, दिराच्या मोटारसायकलचं मडगार्ड. सगळं घर सागवानी झालं. सासू म्हणाली, आता माझ्या कपाळावर तेवढं लावायचं राहिलंय. कुठल्या वळणावर किती ऊब लागते, ते मी त्या काळात शिकले. मुख्य गोष्ट एक कळली. कागद थंड असताना ओढून बसवला, तर त्या दिवशी दिसतो झकास, पण पुढं ऊन लागलं की आकसून आपल्या मूळ मापाला जातो आणि कडा सोडतो. तसं होऊ नये म्हणून काम झाल्यावर कडांना एक जोराचा शेक द्यावा लागतो. शेटला हे कधीच माहीत नव्हतं. त्याला माहीत असायची गरजही पडली नव्हती, मी होते.

मग नवऱ्याच्या जीपचा डॅशबोर्ड केला. तो बघून पोलादपूरच्या स्टँडवरचे ड्रायव्हर विचारायला लागले. महाबळेश्वरचा रस्ता जिथं फुटतो, त्याच्या अलीकडं आम्ही पत्र्याची एक शेड भाड्यानं घेतली. आंबेनळी घाटात शिरायच्या आधी गाड्या तिथं थांबायच्याच. मी रस्त्याच्या तोंडाशी स्टूल टाकून बसायची, सगळ्यांना दिसेल अशी. पडदा लावला नाही. बाई गाडीचं काम करते म्हणून आधी लोक बघायला यायचे, मग काम घेऊन यायचे. महाडची गाडी शेटचं दुकान ओलांडून माझ्याकडं आली की माझा दिवस गोड जायचा. पण तेवढ्यानं मन भरत नव्हतं. त्याचं दुकान चालूच होतं.

शेडला तिसरं वर्ष लागलं असेल. माघात एके सकाळी शेट स्वतः आला. स्टुलावर बसला, चहा घेतला. माझ्या शेडमध्ये सगळे ग्लास सारखे होते, त्यातलाच एक त्याला दिला आणि त्यानं तो प्यायला. महाडच्या एका टूरवाल्यानं चार नव्या गाड्या घेतल्या होत्या आणि चारही डॅशबोर्डांचं काम शेटला दिलं होतं. शेटनं ठेवलेला मुंबईचा कारागीर काम टाकून निघून गेला होता.

"दोन दिवस ये," शेट म्हणाला. "तुझ्यासारखा हात आपल्या भागात कुणाचा नाही."

हे त्यानं आधी कधी म्हटलं नव्हतं. क्षणभर मला बरंसुद्धा वाटलं. पण तो पुढं बोलला. "आणि झालं गेलं विसर. तेव्हा तुझ्या हातून ती गाडी चिरली, पण मी कधी मनात ठेवलं नाही."

मी त्याच्या तोंडाकडं बघत राहिले. तो खोटं बोलत नव्हता. इतक्या वर्षांत तो स्वतःच ते खरं मानून बसला होता आणि आता मोठ्या मनानं मला माफ करत होता.

"येते शेट," मी म्हटलं.

"पडद्यामागं बसावं लागेल हां. टूरवाल्याला मी सांगितलंय की मी स्वतः करणार."

"तेच बरं," मी म्हटलं.

दोन दिवस मी त्या हिरव्या पडद्यामागं बसले. हवा थंड होती, माझ्या कामाला हवी तशीच. चारही गाड्यांच्या पट्ट्या मी साबणानं धुतल्या, पुसल्या आणि जवळजवळ प्रत्येक वळणावर कागद थंडच ताणला. एसीच्या जाळीखालचे कोपरे, गिअरच्या चौकटीचं पुढचं वळण, दरवाजाच्या पट्टीचं टोक. ड्रायर चालू ठेवायची, आवाजापुरता. चौकटीचं मागचं वळण तेवढं नीट केलं, तिथं शेटची नजर जायची; बाकी एकाही कडेला शेवटचा शेक दिला नाही. माझ्या हाताला ते जड जात होतं. चांगलं काम करणाऱ्या हाताला वाईट काम करायला जास्त लक्ष द्यावं लागतं. पट्ट्या अशा चमकत होत्या की शेटनं माझ्यादेखत टूरवाल्याला फोन लावून सांगितलं, "या बघायला, माझं आजवरचं सगळ्यात देखणं काम झालंय."

मग मी उन्हाची वाट बघितली. त्या चार गाड्या महाबळेश्वरला जाताना माझ्या शेडवरनंच जायच्या. चहाला थांबल्या की मी काचेतून डोकवायची. होळी गेली, काही नाही. गुढीपाडव्यानंतर एका गाडीच्या जाळीखालचा कोपरा केसाएवढा उचललेला दिसला. त्या दिवशी मी घरी गोडाचं केलं. नवऱ्यानं विचारलं कशाचं, तर सांगितलं, सहज. वैशाखात चारही गाड्यांचे कोपरे वाळलेल्या पानासारखे वर आले. एका ड्रायव्हरनं सुटलेली कड सेलोटेपनं चिकटवली होती.

नवरा एकदा जेवताना म्हणाला, "त्या टूरवाल्याचं डोकं फिरलंय म्हनं. उद्या सकाळी चारी गाड्या शेटच्या दारात लावनार हाय."

दुसऱ्या दिवशी मी शेड उघडली नाही. चांगली साडी नेसले आणि नऊच्या एसटीनं महाडला गेले. दुकानासमोर रस्त्यापलीकडं रसवंती होती. तिथं बाकावर बसले, उसाचा रस सांगितला.

गाड्या एकामागं एक लागल्या. टूरवाला उतरला. पन्नाशीचा, सरळ बोलणारा माणूस. त्यानं शेटला हाताला धरून पहिल्या गाडीत डोकं घालायला लावलं. "हे बघा. आणि हे. पॅसेंजर हसतात माझ्या गाडीत बसून. तुम्ही म्हणाला होता दहा वर्षं हलणार नाही!" टपरीवरची माणसं उठून आली. शेटचा चेहरा घामेजला होता. मी ज्याची इतकी वर्षं रोज कल्पना केली होती, ते माझ्यासमोर भर उन्हात घडत होतं. मी रसाचा एक एक घोट घेत होते. इतका गोड रस मी त्यानंतर कधी प्यायले नाही.

तेवढ्यात शेट वळला आणि पडदा सारून आत ओरडला, "ये गं बाहेर!"

एक बाई बाहेर आली. माझ्यापेक्षा लहान, बिरवाडीकडची, हातात मोजपट्टी तशीच. ती होळीनंतर शिवणकामाला लागली होती, गाड्यांचं काम झाल्यावर. हे मला माहीत होतं, कारण महाडच्या दुकानातली प्रत्येक गोष्ट मी माहीत करून घेत असे.

"हिच्या हातचं काम," शेट टूरवाल्याला सांगत होता. "मी माप देऊन गेलो आणि हिनं घाईत उरकलं. माग माफी साहेबांची."

तिला काही कळेना. ती शेटकडं बघत होती, डोळ्यांनी काही सांगेल म्हणून. मी ग्लासातला रस संपवला. हे मुद्दाम लिहिते. मी लगेच उठले नाही. शेट आणखी खाली जातोय, आणखी खोटं बोलतोय, हे मला बघायचं होतं. ती हात जोडायला लागली तेव्हा मी उठले. रस्ता ओलांडताना एक ट्रक हॉर्न मारत अंगावरनं गेला, मी थांबले नाही.

"तिनं नाही, मी केलंय," मी टूरवाल्याला म्हटलं. "चारही गाड्या मी केल्यात. मुद्दाम बिघडवून दिल्यात."

शेट म्हणाला, "ही कोण? मी ओळखत नाही हिला."

"ड्रायव्हरच्या बाजूच्या जाळीखाली डावा कोपरा बघा," मी म्हटलं. "कागद अर्धा इंच मागं गेलाय. दुसऱ्या गाडीतही तोच कोपरा, तेवढाच. गिअरच्या चौकटीचं पुढचं वळण चारही गाड्यांत सुटलंय, मागचं एकातही नाही. मागचं मी नीट केलं होतं, तिथं शेटची नजर जाते."

टूरवाल्यानं ड्रायव्हरांना बघायला लावलं. प्रत्येक जण आपापल्या गाडीतून मान हलवत बाहेर आला. टपरीवाला, ज्यानं मला हात जोडताना पाहिलं होतं, तो म्हणाला, "म्हणजे शेट, तुम्ही स्वतः करता ते काम..." आणि वाक्य अर्धंच सोडून हसला. मग दुसरा हसला.

टूरवाल्यानं मला विचारलं, "का केलंत बाई?"

मी सगळं सांगितलं. ठेकेदाराची गाडी, ब्लेड, माफी. सांगताना माझा आवाज कापला नाही. आतापर्यंत मनात हजारदा बोलून झालं होतं. त्यानं पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाला, "त्यांनी तुमच्यावर अन्याय केला, मान्य. मी काय केलं होतं? माझे ड्रायव्हर महिनाभर पॅसेंजरची बोलणी खातायत."

मी म्हटलं, "चारही गाड्या नव्यानं करून देते, आत्ता, इथं रस्त्यावर."

"नको," तो म्हणाला. "आता तुम्ही दोघांनीही माझ्या गाड्यांना हात लावायचा नाही." गाड्या त्यानं चिपळूणला नेऊन करून घेतल्या. माझ्या शेडसमोर त्या पुन्हा कधी थांबल्या नाहीत.

शेटचं काय झालं, तेही सांगते. त्या दिवसापासून गिऱ्हाइकं त्याला विचारायला लागली, "शेट, तुम्ही करणार की पडद्यामागं कोण आहे?" वर्षभरानं त्यानं कागद चढवायचं काम बंद केलं आणि तयार कव्हरं तेवढी विकायला लागला. हे ऐकून मला जो आनंद झाला, तो मी कुणापासून लपवला नाही. पुढं तो आजारी पडला, महाडला दवाखान्यात होता. नवरा म्हणाला, "जाऊन ये एकदा. वय झालंय त्याचं." मी गेले नाही. माफीचा एक शब्द त्याच्याकडून आला नव्हता आणि माझ्याकडं त्याला द्यायला काही नव्हतं.

पण माझंही सगळं निभावलं असं नाही. स्टँडवरचे ड्रायव्हर म्हणायचे, बाईचा हात चांगला, पण मनात धरते, जपून राहावं. पावसाळाभर शेडमध्ये काम जवळजवळ नव्हतं. नवरा कितीतरी दिवस माझ्याशी कामापुरतं बोलला. एकदाच म्हणाला, "त्या गाड्या चालवनारी आपल्यासारखीच मानसं होती गो." हळूहळू लोक परत आले, काम बघून आले. पण पहिल्यासारखं, चावी ठेवून निर्धास्त निघून जाणारं गिऱ्हाईक यायला फार वर्षं लागली. मी चिडायची नाही. त्यांनी थांबून बघावं, हे बरोबरच होतं.

बिरवाडीची ती बाई मला दिवाळीच्या बाजारात भेटली. तिचं काम त्याच दिवशी गेलं होतं. मी तिला थांबवलं, म्हटलं, "तुला वाचवायला मी पुढं आले होते."

तिनं पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "मी बघत होते तुमाला," ती म्हणाली. "शेटनं मला बोलावलं तवा तुमी रस पीत होतात. पिऊन झाल्यावर आलात."

मी काही बोलणार, त्याआधी ती गर्दीत पुढं गेली. नंतर मी तिला दोनदा निरोप पाठवला, पोलादपूरला ये, शेजारी बसून काम करू, मी सगळं शिकवीन. पहिल्या निरोपाला उत्तर आलं नाही. दुसऱ्याला आलं. तिनं सांगून पाठवलं होतं की तिनं घरीच शिवणयंत्र घेतलंय, बायकांचे ब्लाउज शिवते, आणि तिचं बरं चाललंय.